कृपया आहेर आणू नये

परवा एका लग्नाला गेलो होतो. मुहूर्त सहा पस्तीसचा. म्हणजे लग्न साडेआठला लागणार, हे पत्रिका देणाऱ्याला ठाऊक होतं आणि घेणाऱ्यालाही. स्थळ गंगापूर रोडवरचं एक लॉन्स. नाशकात 'लॉन्स' हा शब्द एकवचनी आहे. तिथं गवत नसलं तरी चालतं, पार्किंग पाहिजे.

वरात गेटपासून शंभर पावलांवर येऊन थांबली होती. थांबली म्हणजे रुतली. बँजोवाल्यांनी 'साजूक तुपातली' धरलं होतं आणि नवरदेवाचे मित्र ते सोडायला तयार नव्हते. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा घोडासुद्धा ठेक्यावर मान हलवायला लागला. त्याचाही हा सीझनमधला तिसावा प्रयोग असावा.

मी गर्दीतून वाट काढत बँजोच्या गाडीपाशी पोचलो. कॅसिओवर विशीतला एक पोरगा होता. उजव्या हातानं सूर, डाव्या हातात मोबाइल, त्यावर पुढच्या फर्माइशी. गाणं संपून चौथ्यांदा सुरू व्हायच्या आधी जी चार सेकंदं मिळाली तेवढ्यात त्याला विचारलं, "हा पिच्चर पाहिलायस का रे?"

"कोणता, काका?"

"ज्यातलं हे गाणं आहे तो."

पोरानं माझ्याकडं पाहिलं. "हे पिच्चरमधलं आहे?"

तर मंडळी, या आठवड्याचा विषय सापडला.

*

सिनेमावर लिहिणारे हल्ली 'चित्रपटाचं रिसेप्शन' असा शब्द वापरतात. लोकांनी सिनेमा कसा स्वीकारला, त्याचं स्वागत कसं झालं, वगैरे. नाशिककराला विचारा, रिसेप्शन म्हणजे काय? तो डोळे मिटून सांगेल : सात ते दहा, लॉन्सवर, पनीरची एक भाजी, पाणीपुरीचा काउंटर आणि स्टेजवर फोटोसाठी रांग.

दोघांचं म्हणणं एकच आहे, हे मला त्या गाडीपाशी कळलं. मराठी प्रेमपटाचं रिसेप्शन आता लॉन्सवरच होतं. थिएटरात फक्त नोंदणी होते, तीही तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत.

अतिशयोक्ती वाटते? मध्यंतरी एक नवा मराठी प्रेमपट बघायला मल्टिप्लेक्सला गेलो होतो. कोणत्या, ते विचारू नका. मंगळवार, दुपारचे तीन वीस. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "काका, अजून दोन तिकिटं गेली तर शो होईल." मी बाहेर उभा राहून दोन गिऱ्हाइकं शोधली. सिनेमा बघायला गेलो होतो आणि सिनेमाचा एजंट होऊन बसलो. शेवटी एक कॉलेजचं जोडपं मिळालं. त्यांना सिनेमा कोणता याच्याशी कर्तव्य नव्हतं, अंधार असला म्हणजे झालं. शो झाला. आत आम्ही पाच जण आणि आम्हा पाचांच्या तिकिटांपेक्षा महाग पॉपकॉर्न घेतलेला एक सहावा. त्याला शेजारच्या पडद्यावर जायचं होतं, चुकून आत शिरला होता.

वेळेचं म्हणाल तर सरकारनं मागेच कळवळा दाखवला होता. एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झालं की, मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला, संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दाखवलाच पाहिजे. गदारोळ झाला. मग तोडगा निघाला : प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ. एका बैठकीत सहा तासांनी घड्याळ मागं नेण्याचा हा पराक्रम दुसऱ्या कुठल्या राज्याला जमलेला नाही. माझा तीन वीसचा शो म्हणजे भर प्राइम टाइम. बाहेर ऊन एवढं होतं की मुंग्याही सावली धरून चालत होत्या.

*

'साजूक तुपातली' ज्यातलं, तो 'टाइमपास' मात्र या दशेतून गेला नाही, हे कबूल केलं पाहिजे. ३ जानेवारी २०१४ ला लागला. दिग्दर्शक रवी जाधव, संगीत चिनार-महेश. दहावीत गटांगळ्या खाल्लेला, पेपर टाकणारा चाळीतला दगडू आणि लेले नावाच्या कडक शिस्तीच्या गृहस्थांची मुलगी प्राजक्ता. प्रथमेश परब, केतकी माटेगावकर आणि बापाच्या भूमिकेत वैभव मांगले. पोरं शिट्ट्या मारत गेली, पोरांचे आईबाप 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणत गेले आणि घरी येताना तेच गाणं गुणगुणत आले. नाकं मुरडणारेही होतेच, पण ते तिकीट काढून मुरडत होते. तोवरच्या सर्वांत जास्त कमावणाऱ्या मराठी सिनेमांत त्याची गणना झाली.

आता त्यातली संगीताची वाटणी बघा. प्राजक्ताच्या वाट्याला हळवी, तलम चाल. दगडूच्या गल्लीच्या वाट्याला ठेका. ती गाणं शिकणारी, त्याच्या गल्लीत गाणं वाजणारं. एका सिनेमात दोन वस्त्या आणि दोन वस्त्यांचे दोन आवाज. त्या दोघांमधलं अंतर संवादांआधी चालींनी सांगितलेलं आहे. 'साजूक तूप' हा शब्द तिथं नुसता खमंग म्हणून आलेला नाही. ज्या घरात साजूक तूप असतं त्या घरची मुलगी आणि ज्या घरात ते सणाला असतं त्या घरचा मुलगा, एवढी अख्खी समाजरचना त्या तुपात विरघळलेली आहे.

आणि शेवट? पहिल्या भागात त्या दोघांचं जमत नाही. बाप जमू देत नाही. प्रेक्षकाला २०१५ च्या दुसऱ्या भागापर्यंत ताटकळावं लागलं.

म्हणजे ज्या सिनेमात घरची प्रतिष्ठा आडवी आली म्हणून लग्न झालं नाही, त्या सिनेमाचं गाणं प्रतिष्ठा सांभाळून ठरवलेल्या प्रत्येक लग्नात चार-चार वेळा वाजतं. नाचतं कोण? लेले. सगळे लेले. फेटा बांधून.

*

हे बोललो की लोक म्हणतात, तुम्ही फार खोलात जाता, गाणं ऐका आणि नाचा. बरं, नाचतो.

पण 'झिंगाट' लागलं की पाय अडखळतो. ते ज्यातलं, तो 'सैराट' आला २९ एप्रिल २०१६ ला. अजय-अतुलनी त्यातल्या गाण्यांचा वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला, आणि करमाळ्याकडच्या एका प्रेमकथेला हॉलिवूडच्या व्हायोलिनांनी साथ दिली. मध्यंतरापर्यंत तो सिनेमा निखळ हसवतो, म्हणून थिएटरांत माणसं खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचली. शेवटाला तीच माणसं आवाज न करता बाहेर पडली. कारण शेवटी मुलीचे घरचे लोक चहाला येतात आणि काय करून जातात, हे तुम्हाला सांगायला नको.

आम्ही काय केलं? शेवट थिएटरात ठेवला आणि 'झिंगाट' घरी आणलं. त्याला हळदीला बोलावलं, वरातीत नाचवलं, गणपतीत वाजवलं. पाहुण्याला जेवायला बसवायचं, पण त्याच्या घरी काय घडलं ते विचारायचं नाही, असा आमचा पाहुणचार.

परवाच्या वरातीत नवरदेवाचे मोठे काका 'झिंगाट'वर नाचत होते. वय साठीच्या पुढं, रुमाल दातात, दोन्ही हात वर. घाम निथळत होता. मनापासून नाचत होते, खोटं कशाला बोला. त्यांची थोरली लेक पुण्यात असते. तिनं ऑफिसातला मुलगा केला. ती लग्नाला आली नव्हती. "सुट्टीच नाही मिळाली हो तिला," असं काकू मला तीनदा म्हणाल्या. मी एकदाही विचारलं नव्हतं.

*

आता कायद्याचं कलम काढतो. वकील मंडळींनी चुका काढाव्यात, पण हळू आवाजात.

हॉटेलात, मॉलमध्ये, कार्यक्रमात सिनेमाचं गाणं वाजवायचं तर परवाना लागतो, पैसे भरावे लागतात. लग्नात लागत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात तशी सोयच आहे : धार्मिक समारंभ, त्यात लग्नाची वरात आली आणि लग्नाशी जोडलेले इतर सोहळेही आले. तरी वसुलीची पत्रं यायची थांबेनात, म्हणून जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या संबंधित खात्यानं जाहीर सूचना काढली की लग्नातल्या गाण्यांवर रॉयल्टी मागू नका. गोव्यात सरकारनं त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं, ते २०२४ मध्ये उच्च न्यायालयात टिकलं नाही. वाद चालू राहील. वरात थांबणार नाही.

म्हणजे बघा, सिनेमाचं खरं रिसेप्शन जिथं होतं तिथं संगीतकाराला कपर्दिक मिळत नाही. गाणाऱ्याला नाही, लिहिणाऱ्याला नाही, निर्मात्याला तर नाहीच. कॅसिओवाल्याला मिळतं, घोडेवाल्याला मिळतं, फेटे बांधणाऱ्याला नगावर मिळतं. ज्यानं चाल लावली त्याच्या नावे पत्रिकेच्या तळाशी छापलेलं असतंच : कृपया आहेर आणू नये.

माझी याला हरकत नाही. गरिबाच्या मांडवात गाणं फुकट वाजावं हे कायद्याचं शहाणपणच आहे. माझी गंमत पुढच्या कलमात आहे. हेच गाणं ज्याबद्दल आहे ते करायचं झालं, म्हणजे जात-धर्म न बघता दोघांनी आपलं आपण ठरवून नोंदणीनं लग्न करायचं म्हटलं, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. त्यात ३० दिवसांची नोटीस. ती कचेरीत दिसेल अशी लावायची, कुणाची हरकत असेल तर त्यानं येऊन सांगायचं.

प्रेमाचं गाणं लग्नात वाजवायला परवानगी नको. प्रेमाचं लग्न लावायला महिनाभर फळ्यावर नाव.

*

यात नवं काही नाही. नाशिक या बाबतीत जुना खेळाडू आहे.

२१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपाप्रीत्यर्थ किर्लोस्कर मंडळींचा प्रयोग. त्या रात्री अनंत कान्हेरेनं जॅक्सनला गोळ्या घातल्या, हे शाळेतलं पोरही सांगेल. नाटक कोणतं होतं? 'संगीत शारदा'. गोविंद बल्लाळ देवलांचं, १८९९ चं. पैशासाठी पोरीला जख्ख म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, मध्ये दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित, भर मांडवात मोडणारं लग्न आणि शेवटी मुलीला, शारदेला, मिळणारा जोडीचा वर कोदंड. हसवत हसवत रडवणारी, गाण्यांनी भरलेली लग्नकथा. आजच्या पोस्टरवाल्याच्या हाती दिली असती तर त्यानं शारदा आणि कोदंडाला पाठीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभं केलं असतं.

'शारदा'ची पदं घराघरात गेली. बायका जात्यावर, पाळण्यापाशी म्हणू लागल्या. ज्यांच्या घरात आठव्या-नवव्या वर्षी मुली उजवल्या जात होत्या त्या घरांतही म्हटली गेली. मुलीला पद शिकवायचं आणि त्याच मुलीसाठी बिजवराचं स्थळ बघायचं, यात कुणाला खटकलं नाही. लग्नाच्या वयाचा कायदा यायला नाटकानंतर ३० वर्षं लागली. १९२९ चा 'शारदा कायदा'. पुष्कळांना अजून वाटतं की त्याला नाटकावरून नाव पडलं. ते पडलं अजमेरच्या हरबिलास सारडांवरून. नाटकाला तेवढाही आहेर मिळाला नाही.

पुढं दादासाहेब फाळक्यांनी याच गावात बिऱ्हाड करून सिनेमे काढले. जन्म त्र्यंबकेश्वरचा, शेवटही नाशकातच, १९४४ साली. त्यांचे बहुतेक सिनेमे मुके. पडदा मुका आणि पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन माणसं बसलेली. आता शंभर वर्षांनी आपण तिथंच परत आलो आहोत. वाजवणारी माणसं गाडीवर बसली आहेत, पडदा तेवढा काढून टाकला आहे.

*

पडदा काढला, आता सिनेमाही काढायचं चाललं आहे. २०२४ मध्ये जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आलं आणि देशभर रीलवर थिरकलं. त्याला सिनेमाच नव्हता. कथा नाही, बाप नाही, जात नाही, शेवट नाही. तीन-चार मिनिटांत साडी नेसून झाली की मोकळे. बँजोवाल्यांना काही फरक पडला नाही. निर्मात्यांनी मात्र धसका घेतला. आता सिनेमाआधी सहा आठवडे गाणं येतं, गाण्याआधी त्यातली एक स्टेप येते आणि स्टेपआधी कलाकार मॉलमध्ये येऊन ती स्टेप करून जातात. त्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर थिएटर असतं. गर्दी तळमजल्यावर जमते, नाचते, सेल्फी काढते आणि सरकत्या जिन्यानं खालीच, पार्किंगमध्ये जाते.

मागे नात्यातल्या एकाच्या आग्रहाखातर एका वधू-वर परिचय मेळाव्याला गेलो होतो. अर्जात रकाने : पोटजात, गोत्र, नाडी, शेती किती, नाशकात फ्लॅट आहे का, मामाचं कूळ. मुलगी माइकवर येऊन 'अनुरूप अपेक्षा' एवढंच म्हणायची आणि पळायची. चहाच्या सुट्टीत स्पीकरवर गाणी लावलेली. सगळी प्रेमाची. लावणाऱ्याला दुसरी कुठली सापडणार? पोटजातीवर कुणी ड्युएट केलेलं नाही. तेवढा धंदा संगीतकारांनी हातचा घालवला.

केरळात मिरवणुकांत एक वाद्यपथक जोरात असतं. तिथं त्याला 'नासिक ढोल' म्हणतात. आपल्या गावाचं नाव तिकडं छातीत धडधडतं आणि आपण इकडं बँजोवर लेल्यांच्या तुपाची फर्माइश करतो.

*

एक गोष्ट मात्र तिरकस लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहितो. जून २०१३ मध्ये याच नाशकात एका बापानं जातीबाहेर लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा जीव घेतला. जातपंचायतींचा जाच त्या निमित्तानं उजेडात आला, अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं मोहीम उभारली आणि पुढं २०१६ मध्ये महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य म्हणून आपण पाठही थोपटून घेतली.

त्या जूननंतर सहा महिन्यांनी जानेवारी आला आणि 'टाइमपास' लागला. नाशकातही लागला. तुपाच्या गाण्यावर नाशिकही नाचलं. मीही.

*

साडेआठच्या सुमाराला वरात गेटवर आली. माइकवरून भटजी ओरडत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या, अक्षता सगळ्यांना मिळाल्या का?" बँजो बंद झाला तसा एकदम कान बधिर झाल्यासारखं वाटलं. मोठे काका खुर्चीत बसून वारा घेत होते, रुमाल आता मानेवर होता. कुणीतरी त्यांना पाणी आणून दिलं. ते फोनवर काहीतरी बघत होते. मी जवळ जाताच त्यांनी फोन उपडा ठेवला.

मी परत बँजोच्या गाडीपाशी आलो. कॅसिओवाला पोरगा स्पीकरच्या वायरी सोडवत होता. मला बघून म्हणाला, "काका, मघाशी म्हणाले ना तुम्ही, पिच्चरमधलं आहे म्हणून. मग शेवटी जमतं का त्या दोघांचं?"

"पहिल्या भागात नाही."

"का?"

"मुलीचा बाप."

"हां," तो म्हणाला, "म्हणजे आपल्याकडचाच पिच्चर आहे." आणि वायर कोपरावर गुंडाळायला लागला.